आत्याचा व्हिसा : दुसऱ्या अर्जात काय बदललं

आत्याचा ब्रिटनचा पहिला व्हिसा अर्ज नाकारला गेला तो माझ्यामुळे. आत्याची सगळी कागदपत्रं खरी होती, तिचं वागणं सरळ होतं, अर्ज मात्र मी भरला होता.

मी आठ वर्षांची असताना आई गेली आणि आत्या मला सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावी घेऊन गेली. तिला स्वतःचं मूल नाही. काका लवकर गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं सत्तावीस वर्षं शिकवलं आणि त्याच पगारात मला इंजिनिअर केलं. आता मी लीड्समध्ये नोकरी करते. मला मार्च २०२५च्या शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळाली, तेव्हा बाळंतपणाला कोण येणार हा प्रश्नच नव्हता. आत्या येणार होती. पासपोर्ट तिनं दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता, कोरा करकरीत.

ब्रिटनच्या 'स्टँडर्ड व्हिजिटर' व्हिसासाठी प्रवासाच्या तारखेच्या तीन महिने आधीपर्यंतच अर्ज करता येतो. त्याहून लवकर नाही. म्हणून डिसेंबर २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात मी अर्ज भरला. सहा महिन्यांच्या व्हिसाची फी तेव्हा ११५ पौंड होती (९ एप्रिल २०२५पासून ती १२७ झाली). या व्हिसाला सहसा मुलाखत नसते. बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला केंद्रावर जायचं, बाकी जे काही सांगायचं ते कागदांनी. तुमचं माणूस त्या अधिकाऱ्याच्या समोर कधी उभंच राहत नाही. याचा अर्थ मला पहिल्या वेळी कळला नव्हता.

मला वाटलं, आत्याच्या खात्यात पैसे भरपूर दिसले पाहिजेत. नोव्हेंबरच्या मध्यात मी तिच्या खात्यावर चार लाख रुपये पाठवले. निमंत्रणपत्र दोन पानांचं लिहिलं. तिनं मला कसं वाढवलं, आमच्यासाठी ती काय आहे, आणि शेवटी, तिच्या परतण्याची संपूर्ण जबाबदारी माझी. जमीन आहे असं अर्जात लिहिलं, पण सातबारा जोडला नाही, कारण तो मराठीत. जिल्हा सहकारी बँकेतल्या ठेवींच्या पावत्याही मराठीत, त्याही राहू दिल्या. महिन्याचा खर्च किती या रकान्यात तिला न विचारता आठ हजार टाकले.

जानेवारीच्या सुरुवातीला निर्णय आला. पत्राचा सूर कोरडा पण नेमका होता. पेन्शन इतकी, खात्यात एकाच दिवशी आलेली रक्कम इतकी, ती कुठून आली याचा खुलासा नाही. मग हे पैसे खरोखर अर्जदाराचे आहेत असं कसं मानायचं? अर्जदार एकटी, मायदेशी तिला बांधून ठेवणाऱ्या गोष्टींचा पुरावा नाही. त्यामुळे ती भेट संपल्यावर परत जाईल याची खात्री पटत नाही. खाली इमिग्रेशन नियमांतल्या 'परिशिष्ट व्ही'मधलं ४.२ हे कलम.

मी आत्याला फोनवर पत्र वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना वाटतंय, मी तिकडंच राहायला येतेय? अगं, माझं घर उघडं टाकून मी कशाला राहीन तिकडं?"

त्या रात्री मला झोप आली नाही. तिनं आयुष्यात कुणाचं एक रुपयाचं देणं ठेवलं नव्हतं, आणि तिच्याच खात्यावरचे पैसे संशयास्पद ठरले होते, कारण ते तिचे नव्हते, माझे होते.

दुसऱ्या दिवशी गावाकडच्या एका नातलगानं एजंटाचा नंबर दिला. एजंट म्हणाला, नवा अर्ज करू, आधीच्या नकाराचा उल्लेखच करायचा नाही. हे कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. आधी कुठल्याही देशानं व्हिसा नाकारला आहे का, हा प्रश्न अर्जात स्पष्ट विचारलेला असतो, आणि त्यांच्याकडे बोटांचे ठसे असतात. नकार लपवला तर ती फसवणूक धरली जाते आणि दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. नुसत्या नकारानं मात्र कुठलीही बंदी येत नाही. या व्हिसाला अपील नाही, पण कारणं दूर करून दुसऱ्या दिवशीही पुन्हा अर्ज करता येतो. फी तेवढी पुन्हा भरावी लागते.

मग मी ४.२ कलम शांतपणे वाचलं. खरं तर ते पहिल्या दिवशीच वाचायला हवं होतं. अर्जदार भेटीनंतर देश सोडेल, वारंवार येऊन तिथंच मुक्काम ठोकणार नाही, भेटीचं कारण खरं आहे, मनाई असलेलं काही करणार नाही, आणि खर्चापुरते पैसे आहेत. सगळी वाक्यं अर्जदाराबद्दल. बोलावणाऱ्यानं खर्च करायला हरकत नसते, नियमांत ती सोय आहे. पण 'ती परत जाईल' याची हमी मी देऊन उपयोग नाही. ते तिच्या आयुष्यानं दाखवायचं असतं. आणि आत्याचं आयुष्य तर नुसतं तिथं रुजलेलं होतं. मी ते झाकून त्यावर चार लाख ठेवले होते.

चार लाख तिनं मला परत पाठवले. पण झालेली नोंद बँकेच्या उताऱ्यातून पुसली जात नाही, आणि पुसायचीही नव्हती. नव्या पत्रात मी सरळ लिहिलं, ही रक्कम अमुक तारखेला मी पाठवली, समज चुकीची होती, अमुक तारखेला परत आली. सोबत माझ्या खात्याच्या उताऱ्यावर त्याच दोन नोंदींवर खूण केली.

खर्चाच्या रकान्यासाठी आम्ही दोन संध्याकाळी फोनवर हिशोबाला बसलो. गॅस, वीज, दूध, रक्तदाबाच्या गोळ्या, मोबाइलचा रिचार्ज, भिशीचा हप्ता, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी. शिक्षिकाच ती, वहीत सगळं लिहिलेलं होतं. आकडा आला साडेतेरा हजार. पेन्शन चौतीस हजारांची. उरणारे पैसे दर महिन्याला कुठे जातात, तर ठेवीत. म्हणजे सहा लाखांच्या ठेवी कुठून आल्या, याचं उत्तर तिच्या बँकेच्या उताऱ्यातच महिनोन् महिने दिसत होतं. पहिल्या अर्जातले 'आठ हजार' आणि प्रत्यक्ष खात्यातून जाणारे पैसे यांचा मेळच बसत नव्हता. तेही अधिकाऱ्याच्या नजरेत आलं असणार.

आता सातबारा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या पंधरा रुपयांत निघतो, आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा, तो सुद्धा. अडचण भाषांतराची. इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर जोडावं लागतं आणि त्यावर भाषांतरकारानं लिहून द्यायचं असतं की हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे. तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशीलही हवा. मला दोन्ही भाषा येतात, मीच करावं असं मनात आलं होतं, पण अर्जात ज्याचा संबंध आहे त्यानं भाषांतर करू नये असं मला वाटतं. पुण्यातल्या एका अनुभवी बाईंनी ते करून दिलं. 'भोगवटादार वर्ग १' म्हणजे काय, 'जिरायत' म्हणजे काय, हे त्यांनी एकेका ओळीत समजावून लिहिलं. क्षेत्र ० हेक्टर ६२ आर. तिथल्या माणसाला हे कळावं म्हणून शेजारी 'सुमारे दीड एकर' असंही घातलं. आत्याचं शेत वाट्यानं दिलेलं आहे, तर वाटेकऱ्याचं साध्या कागदावरचं पत्रही घेतलं की जूनमध्ये पेरणीआधी बियाणं आणि खताचा हिशोब बाई स्वतः करतात.

सगळ्यात जास्त विचार मला नात्याच्या पुराव्यावर करावा लागला. आई असती तर माझ्या जन्मदाखल्यानं काम झालं असतं. आत्या आणि भाची हे नातं एका कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. त्यात आत्याचं लग्नात पहिलं नावही बदललेलं, आमच्याकडे त्या पिढीत बहुतेकींचं बदललं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. पहिल्या अर्जात 'आणखी कोणत्या नावानं ओळखल्या जाता का' याला मी 'नाही' लिहिलं होतं. किती मोठी चूक! तिच्याकडे नाव बदलल्याचं महाराष्ट्र शासन राजपत्र होतं, नोकरीसाठी काढलेलं, ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं. मग मी साखळी जुळवली. माझ्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव आजोबांचं. आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव तेच. आणि पत्रात एक छोटा परिच्छेद लिहिला की महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचं असतं, लग्नानंतर स्त्रीचं मधलं नाव पतीचं होतं, म्हणून हे तीन कागद मिळून भाऊबहीण सिद्ध होतात. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की दुसऱ्याला सांगायला हवं हे सुचतच नाही. मराठी घरातून अर्ज करणाऱ्या प्रत्येकानं हा परिच्छेद लिहावा, असं मी आग्रहानं सांगेन.

अर्जात आईवडिलांच्या जन्मतारखाही विचारतात. माझ्या आजीची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. अंदाजे वर्ष घातलं आणि शेवटच्या 'अधिक माहिती'च्या चौकटीत ती अंदाजे असल्याचं लिहिलं. खोटा आत्मविश्वास दाखवण्यापेक्षा ते बरं.

परत जाण्याचा पुरावा शोधताना आत्याच म्हणाली, "अगं, दर नोव्हेंबरात मला हयातीचा दाखला द्यावा लागतो. नाही दिला तर पेन्शन बंद." मी किती तरी दिवस मोठमोठ्या कागदांच्या मागे होते आणि ही गोष्ट तिच्या रोजच्या जगण्यात पडून होती. पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आणि मागच्या नोव्हेंबरच्या दाखल्याची पोच जोडली. बचत गटाचे हिशोब तीच ठेवते. अध्यक्षबाईंनी पत्र दिलं की मे महिन्यात वार्षिक हिशोब व्हायचा आहे आणि तोपर्यंत त्या परत हव्यात. ते पत्र वाचताना मला भरून आलं. एकटी बाई, असं त्या निर्णयात म्हटलं होतं. ती एकटी कधीच नव्हती.

निमंत्रणपत्र एका पानात आणलं. मी कोण, इथे कोणत्या व्हिसावर, आत्या १० मार्चला येणार, ४ मेला जाणार, राहणार माझ्याकडे, तिकीट आणि राहण्याचा खर्च माझा, किरकोळ खर्च तिचा. बाळाबद्दल एक वाक्य काळजीपूर्वक लिहिलं. व्हिजिटर व्हिसावर नोकरी करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. नातेवाइकानं थोड्या मुदतीच्या भेटीत बाळाकडे बघायला हरकत नाही, मात्र ते मूल सांभाळण्याच्या नोकरीसारखं असता कामा नये. म्हणून बाळ झाल्यावर माझी रजा आणि नवऱ्याची रजा किती आहे तेही लिहिलं. सोबत पगाराच्या पावत्या, घरभाड्याचा करार, आणि मिडवाइफनं दिलेलं 'मॅट बी-१' प्रमाणपत्र, ज्यावर प्रसूतीची अपेक्षित तारीख असते.

आधीचा नकार पहिल्याच पानावर मांडला. प्रत्येक कारणासमोर, त्याचं उत्तर कोणत्या कागदात आहे तो क्रमांक.

पाठवण्याआधी शेवटचं घोषणापत्र मी तिला शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. अर्ज तिचा, जबाबदारीही तिची. आपण मदतीला असतो. तिनं दोन ठिकाणी मला थांबवून प्रश्न विचारले, आणि त्यातल्या एकामुळे काकांच्या निधनाचं चुकीचं वर्ष दुरुस्त झालं.

३० जानेवारीला ती पुण्याच्या केंद्रावर ठसे द्यायला गेली. आदल्या दिवशी हळदीकुंकवाला बोलावणं होतं. तिला मी बजावलं होतं की बोटांवर मेंदी नको, कापलेलं नको. वर्षानुवर्षं खडू आणि शेत दोन्ही धरलेली बोटं, तिसऱ्या प्रयत्नात ठसे उमटले. ५०० पौंड जादा भरले तर पाच कामाच्या दिवसांत निर्णय मिळतो, पण आम्ही ते घेतलं नाही. नेहमीची मुदत तीन आठवड्यांची असते आणि आमच्याकडे तेवढे दिवस होते. जादा पैशानं वेळ वाचतो, निकाल बदलत नाही.

१८ फेब्रुवारीला पासपोर्ट परत आला. आत्यानं पाकीट उघडलं नाही. मला व्हिडिओ कॉल केला आणि मग शेजारच्या मुलाकडून कात्रीनं कापून घेतलं. व्हिसा होता. मी आधी नाव, जन्मतारीख आणि दोन्ही तारखा वाचायला लावल्या, कारण चूक असेल तर प्रवासाआधीच कळवावी लागते. सगळं बरोबर होतं. मग आम्ही दोघी रडलो.

प्रवास विमा व्हिसासाठी सक्तीचा नाही, तरी मी काढला, आधीच्या रक्तदाबासह. व्हिजिटरला इथल्या सरकारी रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट बिल येतं. सहासष्टाव्या वर्षी ती जोखीम घ्यायची नाही.

मँचेस्टरला उतरताना तिच्या हातातल्या पिशवीत फाइलची पूर्ण झेरॉक्स होती, चेक-इनच्या बॅगेत नाही. अधिकाऱ्यानं विचारलं, किती दिवस? तिनं इंग्रजीत सांगितलं, आठ आठवडे, भाचीला बाळ होणार आहे, ४ मेचं परतीचं तिकीट आहे. त्यानं अभिनंदन केलं आणि शिक्का मारला. मी बाहेर कठड्याला धरून उभी होते. ती दिसली तेव्हा तिनं हात हलवला नाही, आधी ती फाइल वर करून दाखवली.