आबा खरंच एसटीनं जायचे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गाव सांगोला म्हटलं की २०२२ च्या जूनपासून समोरचा आधी आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू यांचं ‘काय झाडी, काय डोंगार’ म्हणून घेतो. मीही हसून घेतो. ती झाडी गुवाहाटीची होती, आमच्याकडं बाभळी आणि डाळिंबं. मग दुसरा प्रश्न ठरलेला: ‘ते अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख तुमच्याकडचेच ना? खरंच एसटीनं फिरायचे?’

हो, आमचे आबा फिरायचे. एसटीत आमदारांसाठी राखीव जागा रंगवलेली असते. तिच्यावर कधी आमदार बसलेला बघितलाय का? आमच्या तालुक्यातल्या लोकांनी बघितलाय. मी स्वतः त्यांच्या शेजारी कधी बसलो नाही, आणि हे मुद्दाम सांगतो. कारण शेजारी बसल्याचं जेवढे लोक सांगतात तेवढे सगळे खरे धरले, तर एवढ्या गाड्या सांगोला आगारात नव्हत्या.

पण एसटीवर सगळं थांबतं याचाच मला कंटाळा येतो. साधेपणावर कोणी अकरा वेळा निवडून देत नाही. साधी माणसं आमच्याकडं ढिगानं आहेत, त्यांना सरपंचही कोणी करत नाही.

आधी हिशेब नीट करू. १९६२, १९६७, मग १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, आणि पुढं १९९९, २००४, २००९, २०१४. झाले अकरा. पक्ष पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. यात दोन भोकं दिसतात: १९७२ आणि १९९५. दोन्ही वेळा आबा पडले. त्यामुळं सत्तावन्न वर्षं सलग आमदार वगैरे जे फिरतं ते खरं नाही, साडेसहा-एक वर्षं वजा करा. देशात सगळ्यात जास्त वेळा निवडून आले, हेही खरं नाही. केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा आले. आमच्या माणसाला मोठं करायला चुकीच्या आकड्याची गरज नाही, एवढंच म्हणणं.

मंत्रिपद दोनदाच, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या. २००२ ला शेकापनं त्या सरकारचा पाठिंबा काढला. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. आता विरोधी बाकावरचा, तेही चिमूटभर आमदारांच्या पक्षातला माणूस सभागृहात करतो काय? हे मला एमपीएससीच्या नादात असताना कळलं. अभ्यासाच्या नावाखाली ग्रंथालयात विधानसभेच्या जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळायचो. त्या प्रश्नांचा साचा एकदा वाचला की डोक्यातून जात नाही. अमुक कामाचा निधी आला नाही, ‘हे खरे आहे काय?’ असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली? ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि खाली उत्तर: ‘अंशतः खरे आहे.’ पुढं: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

दुष्काळी तालुक्याच्या आमदाराचं आयुष्य विलंबाची कारणं विचारण्यात जातं. पाण्याचंच घ्या. १९९३ ला आटपाडीत पाणी परिषद सुरू झाली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा. मागणी सरळ होती, कृष्णेचं पाणी उचलून आमच्या माणदेशात आणा. पाणी उचलायचं ते टेंभू कऱ्हाड तालुक्यात, आम्ही कुठं! तिथलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवत इकडं पोचायला किती वर्षं गेली हे आमच्या वयाच्या कुणालाही विचारा. त्याच माणसानं कापूस पिकत नाही अशा तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली. दोन्हीत चिकाटी एकच. पण गिरणी स्वतःच्या हातात होती, पाणी नव्हतं.

बाहेरची माणसं आणखी एक उत्तर तयार ठेवून असतात: ‘धनगर समाज मोठा आहे ना तुमच्याकडं.’ आहे. आबा त्या समाजाचे होते, आणि जात मतात धरत नाहीत असं आमच्या तालुक्याबद्दल मी तरी म्हणणार नाही. पण मग १९७२ आणि १९९५ ला तो समाज कुठं गेला होता?

१९९५ चं मला घरातून ठाऊक आहे. शहाजीबापू पाटलांनी आबांना पाडलं ते १९२ मतांनी. १९२! मतदान फेब्रुवारीतलं, म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. आमची वाडी तेव्हा अर्धी रिकामी असायची. दादा म्हणजे माझे वडील, आई आणि बैलगाडी वाळव्याच्या बाजूला उसाच्या फडात. मी आणि आजी घरी. मतदानाला यायचं तर मुकादमाकडं रजा मागायची, खाडा लावून घ्यायचा, येण्याजाण्याचं भाडं घालायचं. आगाऊ घेतलेली उचल अंगावर होती. दादा आले नाहीत. आबा काय, येणारच आहेत, असं वाटलं असणार.

निकाल लागला तेव्हा आजीनं मला आकडा दोनदा विचारला. मग बसल्या जागी बोटांवर वाडीतली फडात गेलेली माणसं मोजायला लागली. अमक्याची दोन, तमक्याची चार, आपली दोन. अठ्ठ्याहत्तरपर्यंत आली आणि म्हणाली, एकट्या आपल्या वाडीतनं एवढी. पुढं कळलं की त्या आठवड्यात तालुक्यातल्या प्रत्येक वाडीनं बोटांवर हीच मोजणी केली होती. आबांना आपणच पाडलं, असं मानणारी माणसं १९२ पेक्षा कितीतरी जास्त निघाली.

पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडणीचा हंगाम संपल्यावर, दादा घरी आले. हा विषय आजीनंही काढला नाही.

१९९९ ची निवडणूक सप्टेंबरात झाली. टोळ्या अजून निघायच्या होत्या, वाडी भरलेली. आबा निवडून आले. यावर मी एकदा मित्रांना मोठा सिद्धांत ऐकवला होता, तोडणीच्या हंगामात निवडणूक लागली की आबा पडतात म्हणून. मग एकानं आठवण दिली की १९९० चं मतदानही फेब्रुवारीतच होतं आणि तेव्हा आबा आले होते. सिद्धांत तिथंच मेला. तरी मला वाटतं ते असं: पुढच्या चार वेळा लोक जे गेले ते नुसते प्रेमानं गेले नाहीत. हा माणूस आपोआप येत नाही, आपण नाही गेलो तर पडतो, हे त्यांना एकदा लागलं होतं.

२०१९ ला आबांनी स्वतःहून थांबायचं ठरवलं, वय नव्वदीपार. नातू अनिकेत उभा राहिला आणि समोर पुन्हा शहाजीबापू. मतदान ऑक्टोबरात. दादांचा कोयता तोवर कधीच सुटला होता. निकालाच्या दिवशी मी पुण्यातून दादांना फोन केला. अनिकेतची जागा ७६८ मतांनी गेली म्हणून सांगितलं.

पलीकडं बराच वेळ टीव्हीचा आवाज. मग म्हणाले, “ह्या बारीला म्या हुतो बरं का. सकाळी सातलाच जाऊन आलो.”