१.१ व्होल्ट

सांगलीच्या एसटी स्टँडजवळच्या गल्लीत माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे आणि या कामाला आता सतरा वर्षे होत आली. बंद पडलेला फोन ही आमच्याकडे रोजचीच गोष्ट असते. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी जो फोन माझ्या टेबलावर आला, त्याने माझा सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा सगळा दिवस घेतला, आणि त्याविषयी नीट लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात होते.

दुकान उघडून अर्धा तासही झाला नसेल, तेव्हा पंचावन्नच्या आसपासच्या एक काकू आल्या. सावळज भागातून पहिल्या गाडीने निघाल्या होत्या. पिशवीतून त्यांनी रुमालात गुंडाळलेला फोन काढला आणि म्हणाल्या, "दादा, दोन दुकानं फिरून आले. बोर्ड गेलाय म्हणत्यात. फोन न्हाई झाला तरी चालंल, पण आतलं फोटू पायजेत."

हे फोटो द्राक्षाच्या पावत्यांचे होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने त्यांच्या बागेचा माल उचलला होता. चार किलोच्या पेटीवर दर ठरला, थोडी रक्कम हातात मिळाली आणि उरलेली महिनाभरात देतो असे सांगून तो गेला. पुढे त्याचा फोन लागेनासा झाला आणि भाड्याच्या खोलीलाही कुलूप दिसले. आमच्या भागात ही गोष्ट नवी नाही, आणि म्हणूनच काकूंनी प्रत्येक गाडी भरताना काट्यावरच्या पावतीचा, व्यापाऱ्याच्या सहीसकट, तिथेच बांधावर उभे राहून फोटो काढला होता. मूळ पावत्याही त्यांनी जपून ठेवल्या होत्या, पण त्या थर्मल कागदावरच्या होत्या. पत्र्याच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत त्यांनी सगळा उन्हाळा काढला आणि अक्षरे उडून गेली. त्यांनी मला तो गठ्ठा दाखवला. अकरा कागद, आणि त्यातल्या नऊंवर काहीही वाचता येत नव्हते. उरलेल्या दोनांवर तारखेची फिकट राखाडी सावली तेवढी राहिली होती.

मार्चअखेरीस हा फोन दुपारपर्यंतही टिकेना म्हणून मुलाने त्यांना दुसरा आणून दिला आणि जुना कपाटात गेला. फोटो कुठे आपोआप साठवले जातील अशी सोय त्यात कधी सुरूच केलेली नव्हती. आता छाटणी तोंडावर आली होती, मजुरी आणि औषधांसाठी पैसा हवा होता आणि तक्रार द्यायची तर हातात पुरावा हवा होता. फोन मात्र सात महिन्यांच्या झोपेतून उठायला तयार नव्हता.

"बोर्ड गेला", म्हणजे फोनचे मुख्य सर्किटच बिघडले, हा निकाल आमच्या धंद्यात फार स्वस्त झाला आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. चार्जर लावायचा, पाच मिनिटे वाट पाहायची, पडद्यावर काही उमटले नाही की हात झटकायचे. गिऱ्हाईक नवा फोन घेते आणि चालू बोर्ड भंगारात जातो. साधा मल्टिमीटर लावून बॅटरी मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत, तरी ती मोजली जात नाही.

मी प्रथम चार्जर आणि फोन यांच्यामध्ये ॲमीटर, म्हणजे किती करंट जातो ते ॲम्पिअरमध्ये दाखवणारा मीटर, लावला. आकडा ०.०० आणि ०.०५ यांच्यामध्ये हेलकावे खात राहिला, म्हणजे बोर्ड काहीतरी विचारत होता आणि बॅटरीकडून त्याला उत्तर मिळत नव्हते. मेलेला बोर्ड बहुधा असे विचारत बसत नाही. मग मागचे झाकण गरम करून प्लॅस्टिकच्या पट्टीने उघडले. बॅटरी मधोमध किंचित फुगलेली होती. बोटाखाली तिचे पोट जाणवत होते. कनेक्टरवर मीटर लावला तर शून्य. पण कनेक्टरवर शून्य दिसले म्हणजे आतला सेल शून्य झाला असे होत नाही, कारण मध्ये संरक्षणाची एक बारीक पट्टी असते आणि सेल फार खाली गेला की तीच वाट बंद करते. ती पिवळी टेप सोलून मी थेट सेलच्या पत्र्यांवर मीटरची टोके टेकवली. मीटरने १.१ व्होल्ट दाखवले.

त्या बॅटरीवर ३.८५ व्होल्ट, ५००० एमएएच असे छापलेले होते. असा सेल पूर्ण भरला की ४.४ व्होल्टपर्यंत जातो आणि साडेतीनच्या खाली येऊ लागला की फोन स्वतःच बंद होतो. त्यानंतरही सेल हळूहळू झिजत राहतो, बोर्डही चिमूटभर वीज ओढत राहतो, आणि अडीच व्होल्टच्या आसपास संरक्षणाची पट्टी दार लावून घेते. तिथून पुढे सेल आणखी महिने तसाच पडून राहिला तर त्याच्या आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. नंतर पुन्हा चार्जिंग सुरू केले की हेच तांबे नको तिथे जाऊन बसते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. बाहेरून काहीच दिसत नाही. बॅटरी वर येते, फोन चालू होतो, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते.

बूस्टर लावून तो सेल दहा मिनिटांत उठवण्याचे साधन माझ्या टेबलावर होते. काकू समोर बसलेल्या होत्या आणि त्यांची नजर माझ्या हातांवरून हलत नव्हती. मोह झाला, हे मी लपवत नाही. पण २०१९ च्या महापुराची आठवण आडवी आली. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि पाणी ओसरल्यावर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या फोनांच्या पाट्याच्या पाट्या आल्या होत्या. त्या गर्दीत मी एका शिक्षकांच्या फोनची अशीच खाली गेलेली बॅटरी बूस्टरने उठवून दिली. महिन्याभराने ते फोन घेऊन परत आले, तेव्हा आतून फुगलेल्या बॅटरीने डिस्प्ले चौकटीबाहेर ढकलला होता. रात्री तो फोन त्यांच्या नातवाच्या उशाशी चार्जिंगला असायचा, असे त्यांनी सहज सांगितले. त्या रात्री मला झोप लागली नाही. फुगलेला किंवा दीड व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल मी त्यानंतर कधीही उठवलेला नाही.

काकूंना मी म्हणालो, "काकू, ही बॅटरी संपली. फोन संपलाय का ते अजून बघायचंय."

त्यांनी विचारले, "मग त्यातली चिप काढून दुसऱ्या फोनात घालता येत न्हाई व्हय?" प्रश्न अगदी रास्त होता आणि पूर्वीच्या फोनांत तशी वाट काही वेळा निघतही असे. आताच्या फोनांत मेमरीतली माहिती कुलूपबंद असते आणि कुलपाची किल्ली त्याच बोर्डाच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप काढली तर हाती निरर्थक आकडेच येतात. म्हणजे तोच बोर्ड, तोच प्रोसेसर चालू झाला पाहिजे आणि वर काकूंना आपला पॅटर्न आठवला पाहिजे, याखेरीज मार्ग नव्हता.

खराब बॅटरी काढून बाजूला ठेवली. चिकटवलेली फुगीर बॅटरी काढणे हे या सगळ्यातले सर्वांत जोखमीचे काम. कडेने थेंब थेंब आयपीए, म्हणजे गोंद सैल करणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, सोडत, गोंद सैल होईपर्यंत थांबत, लोखंडी हत्यार जवळही न आणता, मी ती पाऊण तासात सोडवली आणि टोकांना टेप लावून कोरड्या वाळूच्या बादलीत टाकली. असल्या बॅटऱ्या कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून २०२२ पासून केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत. मी त्या साठवतो आणि अधिकृत संकलकाकडे देतो.

मग बोर्डाला डीसी पॉवर सप्लायच्या, म्हणजे बॅटरीऐवजी बाहेरून वीज देणाऱ्या यंत्राच्या, क्लिपा लावल्या, ४ व्होल्टवर. क्लिप लावताक्षणी, बटण न दाबताच करंट चढला असता तर बोर्डावर शॉर्ट होता असा अर्थ झाला असता. आकडा शून्यावरच राहिला. बटण दाबले. ०.०८, ०.२, मग एकदम ०.६ आणि मग वरखाली होऊ लागला. जिवंत बोर्डाची ही चाल मी हजारदा पाहिली असेन, तरी तेव्हा छातीत धडधडले. पडद्यावर कंपनीचे नाव आले, आणि फोन पुन्हा विझला. पाच वेळा केले, पाचही वेळा तसेच झाले. क्लिपांच्या बारीक वायरींना झटक्याचा भार पेलत नसेल म्हणून जाड वायरी लावून पाहिल्या. फोन थोडा पुढे गेला आणि तिथून परतला. बॅटरीच्या कनेक्टरमध्ये धन आणि ऋण यांच्याखेरीज तापमान व ओळख सांगणारे बारीक संपर्कही असतात. हा बोर्ड त्यांचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायला तयार नव्हता.

नवी बॅटरी कोल्हापूरहून मागवावी लागली असती आणि ती उद्या आली असती. दुपारी दोन वाजता मला आठवले की डिस्प्ले फुटलेला, सुट्या भागांसाठी विकत घेतलेला याच मॉडेलचा एक फोन वरच्या फळीवर आहे. त्याची बॅटरी मोजली तर ३.८२ व्होल्ट, आणि पोट सपाट. ती लावली. फोन चालू झाला आणि थांबला तो थेट नऊ ठिपक्यांच्या पडद्यावर.

काकूंचा चेहरा पडला. सात महिन्यांत त्या पॅटर्न विसरल्या होत्या. दोनदा चुकला. आणखी चुकत गेला असता तर फोनने थांबायला लावले असते, म्हणून मी तो त्यांच्या हातात दिला आणि सांगितले की पडद्याकडे बघू नका, बागेत उभ्या आहात असे समजा. त्या हळूच म्हणाल्या, "मला ध्यानात न्हाई, पर बोटाला ठावं असंल." डोळे मिटून त्यांनी बोट फिरवले आणि कुलूप उघडले.

फोटो होते. अकराच्या अकरा. पहिल्याच फोटोत पावतीमागे काट्याचा लाल आकडा, व्यापाऱ्याचा अंगठ्याने दाबलेला कागदाचा कोपरा आणि मागे रचलेल्या पेट्या स्पष्ट दिसत होत्या. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच, अगदी व्यवहारी आवाजात, पेट्यांची बेरीज करायला सुरुवात केली.

मी फोन विमान मोडवर टाकला. वीज पूर्ण तुटल्यामुळे त्याचे घड्याळ भलतीच तारीख दाखवत होते. फोटो काढल्याची वेळ मात्र प्रत्येक फाइलच्या आत नोंदलेली असते आणि ती शाबूत होती. काकूंचा पुतण्या फोनवर सांगत होता की मला व्हॉट्सॲपवर टाका, मी वकिलांना पाठवतो. मी नको म्हणालो. तिथून साध्या फोटोसारखा गेला की त्याचा आकार घटतो आणि आतली नोंद पुसली जाते. केबल लावून मूळ फाइली दोन पेन ड्राइव्हवर उतरवल्या आणि काकूंना दोनतीनदा बजावले की हा फोन आता विकायचा नाही, एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही, पुसायचाही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारी अक्षर-आकड्यांची ओळखखूण, लिहावी लागते. ते काम वकील करून घेतील, पण मूळ वस्तू हातात असली तर पुढचे सगळे सोपे होते, एवढे मी माझ्या परीने समजावले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याने नवी बॅटरी बसवून नेली. जाताना मी त्याच्याकडे एका कागदावर लिहून दिले की फोन साठ टक्के भरून बंद ठेवावा, उष्णतेपासून दूर ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी सुरू करून टक्के पाहावेत. पूर्ण भरूनही ठेवू नये आणि पूर्ण संपू तर कधीच देऊ नये.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी दोन दिवस, काकूंचा फोन आला. तक्रार नोंदवून घेतली होती आणि व्यापाऱ्याचा तपास चालू होता. पण फोन त्यासाठी नव्हता. कॅलेंडरावर खूण करून ठेवल्याप्रमाणे त्यांनी तो जुना फोन त्या सकाळी सुरू केला होता.

"दादा, बावन टक्के दावतंय. लावू का चार्जिंगला?"

मी म्हणालो, "लावा काकू. साठ झालं की काढा."