मुक्ता : आजीचं नाव की चळवळीतलं?

पुण्यात नवीन ओळख झाली की नावावरून एक प्रश्न हमखास येतो, "आईबाबा चळवळीतले का?" माझे वडील एसटीत कंडक्टर, आई घरी शिवणकाम करायची. आमच्याकडची सगळी चळवळ पहाटे नळाला पाणी यायच्या वेळेची. मुक्ता हे नाव ठेवलं आजीनं, तेही मुक्ताईला नवस बोलली होती म्हणून.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगरच्या बाजूला. जुनी माणसं मुक्ताईनगरला अजूनही एदलाबादच म्हणतात. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होण्याच्या कितीतरी आधी वर्षानुवर्षं निवडून आल्या तो एदलाबाद मतदारसंघ हाच. तापीकाठच्या मेहुणला 1297 मध्ये वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, असं आमच्याकडे सांगतात. वय जेमतेम अठरा. दर वर्षी ज्येष्ठात कोथळीहून तिची पालखी निघते ती बुलडाणा, जालना, बीड करत महिनाभर चालून पंढरपूर गाठते. आजी गुडघे धरेपर्यंत त्या वारीत जायची. परत आली की तळपायाला एरंडेल चोळत बसायची आणि कोणत्या गावानं पिठलं-भाकरी चांगली दिली, याचा हिशोब सांगायची. अभंगांबद्दल फारसं नाही.

या भागात मुक्ताबाई घरोघर. माझ्या वर्गातच मुक्ता एकीपेक्षा जास्त, त्यामुळे आम्हाला आडनावानंच हाक मारत. पुण्यात आल्यावर मात्र हे नाव एकदम 'वेगळं' झालं. मुक्ता बर्वे, मुक्ता टिळक, मुक्ता दाभोलकर. 1994 चा जब्बार पटेलांचा सिनेमा सुद्धा 'मुक्ता'च. एकच नाव, पण गावात ते लुगड्यातल्या म्हातारीचं आणि शहरात खादीचा कुर्ता घालणारीचं.

अर्थ विचारला तर संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती. मुक्त झालेली, हा अर्थ तर उघडच आहे. भावंडांची नावं ओळीनं घेतली, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता, की आपला शेवटचा मुक्काम कोणता ते कळतं. पण मराठीनं या नावाशी एक खोडी करून ठेवली आहे. कुणी काहीतरी भलतंच बोललं की "काय मुक्ताफळं उधळलीत!" मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की आमच्या साहेबांना हा विनोद दर वेळी नव्यानं सुचतो.

तसं बघितलं तर मुक्ता नावाच्या बायकांचा गुणच स्पष्ट बोलायचा. दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना थोरल्या भावाचा मान बाजूला ठेवून ताटी उघडायला सांगणारी ती धाकटी बहीण. चौदाशे वर्षांच्या चांगदेवाला शिष्य करून घेणारीही तीच. मुंगी आभाळात उडवून तिला सूर्य गिळायला लावणाऱ्या मुलीला कोण काय शिकवणार!

आणि दुसरी मुक्ता साळवे. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, मांग समाजातली चौदा वर्षांची विद्यार्थिनी. तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'नं छापला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्ही धर्मपुस्तकाविनाच झालो की, हा तिचा रोखठोक मुद्दा. मला शाळेत मुक्ताई शिकवली, ही मुक्ता नाही. ती मी नोकरीला लागल्यावर वाचली आणि वाचून रागच आला, इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही म्हणून. आता कुणी चळवळीबद्दल विचारलं की मी तिचंच नाव पुढे करते. आजीला चाललं असतं. ठणकावून बोलणाऱ्या पोरी तिला आवडायच्या, फक्त स्वयंपाक वेळेवर व्हायला हवा एवढीच अट.

गेल्या वर्षी गावाकडे चुलतभावाला मुलगी झाली. मी मुक्ता सुचवलं. वहिनी म्हणाली, "ताई, ते म्हाताऱ्यांचं नाव वाटतं हो," आणि मायरा ठेवलं. त्यानंतर दोनेक महिन्यांनी कोथरूडच्या आमच्या सोसायटीत बारशाचे पेढे आले. आयटीतलं जोडपं, पहिली मुलगी, नाव मुक्ता. "इतकं फ्रेश नाव कुठं ऐकलंच नव्हतं," मुलीची आई मला सांगत होती. दारावरची माझ्या नावाची पाटी तिनं वाचली नसावी. मी दोन पेढे घेतले.