पहिल्या वळणावर रेस जिंकता येत नाही

रात्री जेवणं उरकली की कोथरूडच्या घरी टेबलाला स्टिअरिंग व्हील लावायचं आणि आयरेसिंग, म्हणजे कॉम्प्युटरवरचा ऑनलाइन कार रेसिंगचा गेम, चालू, हे माझं रोजचंच. परवा मॉन्झाच्या ट्रॅकवर पुन्हा तेच झालं, पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) मागचा एकजण ब्रेकच न मारता घुसला आणि चार गाड्या ठोकल्या गेल्या. अरे, पहिल्या लॅपला टायर थंड असतात, टाकी भरलेली असते, त्यात पुढच्याच्या मागे चिकटून आलात तर हवा कमी मिळते म्हणून डाउनफोर्सही (गाडीला खाली दाबून धरणारा हवेचा जोर) कमी, म्हणजे प्रॅक्टिसमध्ये जिथे ब्रेक मारता त्याच्या बरंच आधी मारायला हवा ना! आणि चूक कुणाची हे गेमची सिस्टिम बघतच नाही, जोरात धडक झाली की दोघांनाही ४ इन्सिडंट पॉइंट (म्हणजे दंडाचे गुण), ट्रॅक सोडला तर १. मला हे पटतं, कारण मग आपणच जरा जपून चालवतो.

स्पिन झालात तर ब्रेक दाबून धरा, प्लीज. गाडी एका जागी थांबली की मागचे बघून बाजूने जातात, घरंगळत राहिली की कुणालाच अंदाज येत नाही. परत ट्रॅकवर येताना आधी मागून कोण येतंय ते बघा, कर्वे रोडवर गल्लीतून बाइक काढतात तसं सुसाट नको. निळा झेंडा दिसला, म्हणजे एक लॅप पुढे असलेली गाडी मागून येतेय, तरी घाबरून लाइन सोडू नका, आपल्या लाइनवरच राहा, ओव्हरटेक नीट करणं हे मागच्याचं काम. आणि आपली गाडी कुणाला लागली तर रेस संपल्यावर सॉरी टाइप करा, मी करतो.