चिंगीच्या दाढा

माझ्या गिनीपिगने, चिंगीने, कोथिंबिरीची काडी तोंडात घेतली, दोनदा चावली आणि टाकून दिली. हनुवटी लाळेने ओलीचिंब. माझ्या पोटात गोळाच आला. वजन केलं तर आठवडाभरात 940 ग्रॅमवरून 860 वर आली होती.

पहिल्या डॉक्टरांनी पुढचे दात पाहून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. दुसऱ्यांनी भूल देऊन आत पाहिलं. खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढून जिभेवर कमान झाली होती. गिनीपिगचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढतात आणि सुकं गवत चघळून झिजतात. दाढा घासून घेतल्या, पण खरी कसोटी घरी आल्यावर होती.

टिमथी नावाच्या गवताचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या छोट्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून, बाळाच्या खिमटीसारखं सरसरीत करायचं. तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं, सिरिंज गालाच्या बाजूने आत सरकवायची आणि थेंब थेंब द्यायचं. घाई केली तर ठसका लागतो. दर तीन तासांनी, रात्री दोनलासुद्धा. उपाशी राहिली की आतड्यांचं काम मंदावतं, आणि तेच जिवावर बेततं. क जीवनसत्त्व तिचं शरीर बनवत नाही, म्हणून त्यात ढोबळी मिरची वाटून घालते. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, वहीत नोंद.

अकराव्या दिवशी तिने सिरिंज नाकाने ढकलली आणि गवताची काडी ओढली. तो कुरकुर आवाज ऐकत मी फरशीवर बसूनच राहिले.

आज 905 ग्रॅम. पुढच्या महिन्यात पुन्हा दाढा दाखवायच्या आहेत.