राजा येईपर्यंत

रविवार, रात्री उशिरा

'अ होलोग्राम फॉर द किंग' आज दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं लेथ मशीनचं वर्कशॉप अजून चालू होतं. तेव्हा तो मला वाळवंटात अडकलेल्या एका अमेरिकन सेल्समनच्या फजितीचा सिनेमा वाटला होता. आज संपल्यावर उठून दिवा लावायचंही सुचलं नाही, बराच वेळ तसाच बसून राहिलो. झोप येणार नाही, म्हणून लिहितोय.

सुरुवातीलाच टॉम हँक्स रस्त्याने चालत टॉकिंग हेड्स या रॉक बँडच्या एका जुन्या गाण्याच्या ओळी म्हणत येतो, आणि त्याचं घर, गाडी, बायको एकेक करून जांभळ्या धुरात नाहीसं होतं. पहिल्या वेळी मी हसलो होतो. पण धंदा बुडतो तेव्हा खरोखर असंच होतं. आवाज होत नाही, कुणी येऊन सांगत नाही. काल जिथे हात टेकायचा तिथे आज काही नसतं, एवढंच.

अ‍ॅलन क्ले हे त्याचं सिनेमातलं नाव. घटस्फोट झालेला, घर विकलं जात नाही, मुलीच्या कॉलेजची फी भरायला पैसे नाहीत. एका आयटी कंपनीने त्याला सौदी अरेबियात धाडलंय, कारण राजाच्या एका पुतण्याशी त्याची कधीकाळी ओळख झाली होती. माल काय, तर होलोग्राम. समोरचा माणूस हजारो मैलांवर असला तरी खोलीत उभा आहे असं वाटायला लावणारी बैठकीची यंत्रणा. ती दाखवायची राजाला, आणि राजा कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही.

जागाही खरी आहे. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी २००५ मध्ये जाहीर झाली, तांबड्या समुद्राच्या काठी, जेद्दाहच्या उत्तरेला शंभरएक किलोमीटरवर. वीस लाख लोकांचं शहर वसवायचा बेत होता. सिनेमात दिसते ती नुसती वाळू, आखून ठेवलेले रस्ते आणि मधूनच उभी असलेली एखादी चकचकीत इमारत. चित्रीकरण मात्र बरंचसं मोरोक्को आणि इजिप्तमध्ये झालंय. सिनेमा आला २०१६ मध्ये, आणि तेव्हा सौदीत लोकांना जाऊन बघायला चित्रपटगृहच नव्हतं. ती उघडली २०१८ मध्ये. ज्या देशाची गोष्ट, तिथेच ती पडद्यावर लागू शकत नव्हती, हे आज पुन्हा बघताना सारखं मनात येत होतं.

अ‍ॅलनच्या टीमला काम करायला दिलाय एक तंबू. आत तीन तरुण मुलं लॅपटॉप उघडून बसलेली, वायफाय नाही, जेवणाची धड सोय नाही. अ‍ॅलन रोज उठून स्वागतकक्षात जातो आणि करीम अल-अहमद नावाच्या साहेबांना भेटायचंय म्हणून सांगतो. साहेब आज नाहीत, उद्या येतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोकांना ही दृश्यं विनोदी वाटतात, आणि ती आहेतही. पण टॉम टिक्वर या दिग्दर्शकाने हँक्सच्या चेहऱ्यावर जे टिपलंय ते ऑर्डरसाठी पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही ओळखता येईल. 'उद्या' ऐकल्यावर तो हसतो. रागवायची ऐपत नसलेल्या माणसाचं ते हसू. मीही पेमेंटसाठी अशाच एका सोफ्यावर किती सकाळी काढल्या. समोरच्या मुलीचा काही दोष नाही हे कळत असतं, म्हणून तिला थँक्यू म्हणून उठायचं.

युसुफबद्दल किती लिहावं! अ‍ॅलनला रोज उशिरा जाग येते, कंपनीची बस निघून जाते, म्हणून हा ड्रायव्हर बोलवावा लागतो. मोडकळीला आलेली गाडी, आत जुनी अमेरिकन गाणी, आणि निघण्याआधी बॉनेट उघडून कुणी बाँब तर ठेवला नाही ना याची तपासणी, कारण एका श्रीमंत माणसाच्या बायकोशी त्याचे मेसेज चालू असतात. अलेक्झांडर ब्लॅकने हे काम फार गोड केलंय. त्या परक्या मुलखात अ‍ॅलनशी बरोबरीने बोलणारा पहिला माणूस तोच.

पण आज मला झोपू देत नाही ती श्विनची गोष्ट. अ‍ॅलन आधी श्विन या सायकल कंपनीत वरच्या जागेवर होता. ही कंपनीही खरी, १८९५ पासूनची, शिकागोची. अमेरिकेतल्या कितीतरी पिढ्या तिच्या सायकलवर चालवायला शिकल्या. मग उत्पादन बाहेर गेलं. १९८३ मध्ये शिकागोचा कारखाना बंद झाला, सायकली तैवानच्या जायंटकडून बनून यायला लागल्या, पुढे चीनमधूनही. जायंट श्विनचं काम करत करत मोठी झाली आणि स्वतःच्या नावाने बाजारात उतरली. १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरी जाहीर केली. ज्याला काम दिलं त्याच्या हाती कसब गेलं, आणि आपल्याकडे उरलं फक्त नाव.

सिनेमात काम चीनला पाठवण्यात अ‍ॅलनचा हात आहे. घरी बसावं लागलेल्या कामगारांसमोर उभं राहून तो बोलतो, ते दृश्य मधूनच त्याच्या डोळ्यांपुढे येतं. त्याच्या वडिलांनी त्याला त्यासाठी माफ केलेलं नाही. ते दृश्य असेल फार तर मिनिटभराचं. आज मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं.

मीही चार जणांना आता काम नाही म्हणून सांगितलं होतं. लेथवरचं काम बाहेर जॉबवर्कला दिलं तर नगामागे खर्च कमी येत होता. कागदावर हिशेब बरोबर होता, आजही तो चुकीचा म्हणता येणार नाही. वर्षभरात त्या बाहेरच्या माणसाने माझ्याच पार्टीला थेट कोटेशन दिलं आणि काम त्याच्याकडे गेलं. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. विषय निघाला तेव्हा मंदीचं नाव सांगितलं.

अ‍ॅलनच्या पाठीवर एक गाठ असते. एका रात्री ऑलिव्ह तेलाच्या बाटलीतून चोरून आलेली दारू पिऊन तो सुरीने ती स्वतःच टोचून बघतो. त्याला खात्री असते की आपलं सगळं बिनसलंय ते हिच्यामुळेच. हे मला फार खरं वाटलं. सगळा दोष एका जागी गोळा झालेला असावा, कुणीतरी तो कापून काढावा, असं वाटतंच.

कापणारी डॉक्टर म्हणजे झाहरा. सरिता चौधरी हे काम इतक्या संथपणे करते की ती आली की सिनेमाच श्वास घेतो असं वाटतं. तीही घटस्फोटाच्या खटल्यातून जातेय, आणि तिचं प्रत्येक पाऊल मोजणारे लोक आजूबाजूला आहेत. दोघं समुद्रात पोहतात तेव्हा ती पोहण्याच्या पोशाखाचा वरचा भाग घालत नाही, म्हणजे लांबून बघणाऱ्याला दोन पुरुष पोहताहेत असं वाटेल. पाण्याखालचं ते दृश्य मी विसरणार नाही. दोघंही पन्नाशीच्या आसपासचे, आणि कुणालाही कसली घाई नाही.

शेवटी राजा येतो. तंबूत होलोग्राम उभा राहतो, सगळं नीट पार पडतं, राजा खूशही होतो. आणि कंत्राट जातं एका चिनी कंपनीला, स्वस्तात आणि लवकर देणार म्हणून. म्हणजे अ‍ॅलनने सायकलींच्या बाबतीत जो हिशेब केला तोच त्याच्यावर उलटून येतो. दिग्दर्शक हे ओरडून सांगत नाही, यासाठी त्याला मनापासून दाद. अ‍ॅलन सौदीतच राहतो. दुसरी नोकरी, आणि झाहरा.

माझी एकच तक्रार आहे. त्या कामगारांकडे सिनेमा परत जातच नाही. अ‍ॅलनला प्रेम मिळालं, काम मिळालं, मला आनंदच झाला. पण त्याने निदान एखादा फोन करायला हवा होता. त्यांच्यापैकी एकाला तरी.

माझ्या चौघांपैकी दोघांना मी भेटून आलोय. एकाने चहा पाजला, दुसरा उंबऱ्यातच उभा राहून बोलला. तिसऱ्याने दार उघडलं नाही. आत टीव्हीचा आवाज येत होता, मी दोन मिनिटं थांबलो आणि निघालो. चौथा गाव सोडून गेला म्हणतात. त्याचा पत्ता या आठवड्यात त्याच्या मेहुण्याला विचारायचा आहे.