टोटल सोडा, नॉन-एचडीएल बघा

लिपिड प्रोफाइलचा (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा) रिपोर्ट हाती आला की नजर आधी टोटल कोलेस्टेरॉलवर जाते. माझ्या मते त्या कागदावरचा सगळ्यात कमी कामाचा आकडा तोच.

दोन रिपोर्ट घ्या, दोन्हींत टोटल 220 (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). पहिल्यात एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 75, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) 75. दुसऱ्यात एचडीएल 35, ट्रायग्लिसराइड 250. बऱ्याच लॅब एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. त्यानुसार पहिल्याचं एलडीएल 130, दुसऱ्याचं 135. म्हणजे जवळपास सारखंच! आता टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा: 145 आणि 185. हे नॉन-एचडीएल. धमनीच्या भिंतीत शिरून साचणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल यात धरलं जातं, म्हणून दुसऱ्या रिपोर्टची काळजी जास्त. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की पाचव्या हिश्श्याचं गणितच फसतं. तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं.

एलडीएल 190 किंवा त्याहून जास्त असेल तर नुसत्या खाण्यावर खापर फोडू नका. दोष आनुवंशिक असू शकतो, मग आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी हवी. थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल चढतं, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघून घ्यावं.

अंड्याच्या बलकातल्या कोलेस्टेरॉलवर वाद फार होतात, पण बहुतेकांच्या बाबतीत संपृक्त चरबीचा (तूप, लोणी यांतल्या) परिणाम मोठा. रक्तातलं एलडीएल उचलणारे यकृतावरचे रिसेप्टर ती कमी करते. ओट्स, कडधान्यांतले विद्राव्य तंतू रोज 5 ते 10 ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल साधारण 5 टक्के उतरतं. ते निम्म्यावर आणायचं असेल तर एवढ्याने भागत नाही.

तिथे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी लागते. बहुतेक काम सुरुवातीचा डोसच करतो. डोस दुप्पट केला की जेमतेम 6 टक्क्यांची भर पडते. उलट 10 मिलिग्रॅम एझेटिमाइब (कोलेस्टेरॉल उतरवणारं दुसऱ्या प्रकारचं औषध) जोडलं तर आणखी साधारण 20 टक्के घट मिळते. गोळी सुरू केल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी पुन्हा तपासणी. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी परस्पर बंद केली की काही आठवड्यांत आकडे मूळ पदावर. स्नायू खूप दुखून लघवी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच बोलून घ्या.

वेळेचं म्हणाल, तर सिम्वास्टॅटिन रात्री घ्यावं. अॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन कधीही चालतं.